मीटर सगळ्यांना एकच हवं

एप्रिलमध्ये सुट्टी काढून जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. रात्री साडेअकराला खालाच्या घरामागच्या शेतात ट्रॅक्टरवर मक्याचं मळणी यंत्र धडधडत होतं. खालाला बीपीचा त्रास, तिच्या मुलीचा सकाळी पेपर. मोबाइलच्या ॲपवर आकडा आला ७८ डेसिबल.

मोहल्ल्यातली पोरं म्हणाली, "भाई, मशिदीचा भोंगा जरा मोठा झाला की पोलीस दारात. यांना कोण विचारतो? ठोका तक्रार!"

हा राग खोटा नाही. २०२२ मध्ये भोंग्यांवरून राज्यात काय चाललं होतं, ते आपण पाहिलंय. पण राग काढायला कायदा वापरायचा नसतो. २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम सांगतात: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ७८ ला ती ४५ च्या सुमारे २,००० पट. ॲपचा आकडा पुरावा नाही, अधिकृत मीटर लागतं; पण त्रास खरा आहे एवढं त्यातून कळतं.

मी आधी शेतात गेलो. यंत्रावरची दोन पोरं आपल्याच मोहल्ल्यातली, कानाला रुमालसुद्धा नाही. शेतकरी म्हणाला, "भाऊ, दिवसा ऊन सोसवत नाही, मशीन भाड्याचं. मिळालं तेव्हा काढून घ्यावं लागतं." त्याचंही खरं होतं. शेत आधीपासून तिथेच आहे. प्लॉट पाडून बांधापर्यंत आलेली घरं आपली. बोलल्यावर त्याने यंत्र शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

पण दरवेळी शेजाऱ्याच्या भलेपणावर किती विसंबायचं? जळगाव-धुळ्याच्या कडेला प्लॉटिंग शेतात शिरलंय, हे भांडण वाढणारच. नियमांत रात्री निवासी भागात बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे. शेतीच्या यंत्रांचा वेगळा उल्लेख नाही. मात्र नियोजन करताना आवाजाचा विचार करणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी त्याच नियमांत लिहिली आहे. म्हणून नगरपालिकेकडे लेखी मागू या: वस्तीबाहेर मळणीसाठी सामायिक जागा. पूर्वी गावाबाहेर खळं असायचंच. यंत्रावरच्या पोरांना कान झाकायची साधनं मिळावीत, हेही मागू. आणि पोलिसांकडे एवढंच: भोंगा असो, डीजे असो की मळणी यंत्र, मीटरने मोजा, आकडा नोंदवा, कारवाई सारखी करा.

हे मागायचं तर आपल्या लग्नातला डीजे आणि उरुसातली कव्वालीही दहाला थांबली पाहिजे. मागच्या वर्षी माझ्याच चुलतभावाच्या वरातीत बारापर्यंत डीजे वाजला. तेव्हा मी ॲप उघडलं नव्हतं.