श्वासरुग्णाचा रक्त-अहवाल

दम लागलेला रुग्ण फुलपाड्यासारख्या वस्तीत पुष्कळदा प्रथम वैद्याकडे किंवा औषधांच्या दुकानी येतो. सीबीसीच्या अहवालातील हिमोग्लोबिन पाहून आपण तो मिटतो, हे आम्हांस उचित वाटत नाही. न्यूट्रोफिलच्या टक्केवारीस लिम्फोसाइटच्या टक्केवारीने भागून येणारे गुणोत्तर आणि तांबड्या पेशींच्या आकारातील तफावत दर्शविणारा आरडीडब्ल्यू, हे वाढलेले असता अत्यवस्थ फुफ्फुसरुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. मात्र स्टिरॉइडनेही हे गुणोत्तर वाढते, पांडुरोगात आरडीडब्ल्यू वाढतो. म्हणून केवळ आकड्यांवरून निर्णय नको. चरकसंहितेने चिकित्सास्थानाच्या १७ व्या अध्यायात महा, ऊर्ध्व व छिन्न श्वास प्राणघातक मानले आहेत. साध्यासाध्यविचार हा आपलाच वारसा आहे. ऑक्सिजनची पातळी घसरलेली दिसताच अहवालाची वाट न पाहता, काढा बांधून न देता, वैद्याने व विक्रेत्याने रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.