विश्लेषण : सुरक्षा तपासणी म्हणजे हेल्मेटची मोजदाद नव्हे!

बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली, की फलटण परिसरात साखरेचा हंगाम सुरू होतो. साखरवाडीची साखर कारखानदारी स्वातंत्र्यापूर्वीपासूनची. आता तालुक्यात अभियांत्रिकी आणि दूध प्रक्रिया उद्योगही आहेत. औद्योगिक सुरक्षेची पदविका करणाऱ्या इथल्या तरुणांना उद्या अशाच ठिकाणी तपासणी करायची आहे. ती नेमकी कशी असावी?

कायदा काय सांगतो?

1948 च्या कारखाने कायद्यानुसार एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी बंधनकारक होता. डिसेंबर 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये या कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, 2020 लागू झाली. तिच्यात ही मर्यादा कारखान्यांसाठी 500 आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी 250 कामगारांवर आली आहे. पूर्वीचा निरीक्षक आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ झाला आहे. म्हणजेच बाहेरच्या धाडीपेक्षा कारखान्याच्या स्वतःच्या तपासणीवर भिस्त वाढली आहे.

धोका आणि जोखीम यांत फरक काय?

परीक्षेत हमखास येणारा आणि कामावर हमखास विसरला जाणारा हा मुद्दा. गव्हाणीची उघडी साखळी हा धोका. तिच्याजवळून किती जण, किती वेळा जातात आणि हात सापडला तर इजा किती गंभीर होईल, यावर जोखीम ठरते. त्यामुळे साखळी फिरताना पाहणे पुरेसे नाही. दुरुस्तीसाठी ती बंद केल्यावर स्विचला कुलूप लागते का, त्याची किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असते का, हेही पाहावे लागते.

सर्वांत फसवी जागा कोणती?

बंद टाकी. मळी किंवा सांडपाणी कुजले की ऑक्सिजन घटतो, विषारी वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. ‘वास येत नाही, म्हणजे ठीक’ हा समज त्यामुळे जिवावर बेततो. एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो आणि बळींची संख्या वाढते. म्हणून उतरण्याआधी यंत्राने वायूची चाचणी, ऑक्सिजन किमान 19.5 टक्के, लेखी परवाना, बाहेर सतत एक माणूस आणि ओढून काढण्याची सोय, यांपैकी एकही गोष्ट नसेल तर काम थांबवायलाच हवे.

हेल्मेट शेवटी का?

धोका रोखण्याची उतरंड ठरलेली आहे. आधी धोका मुळातच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी घातक पर्याय वापरा. मग जाळी, कठडा, वायुवीजन. त्यानंतर नियम व प्रशिक्षण. सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे. बाहेरूनच पाण्याच्या दाबाने टाकी साफ होत असेल, तर माणूस आत उतरवण्याचा प्रश्नच उरत नाही. अनेक ठिकाणी ही उतरंड उलटी चढली जाते, कारण हेल्मेट स्वस्त पडते आणि फोटोत दिसते.

खरी कसोटी कुठे?

तपासणीच्या कागदावर त्रुटी, ती दूर करणाऱ्याचे नाव, मुदत आणि फेरतपासणीची तारीख हवी. तुटका कठडा सलग तीन अहवालांत दिसत असेल, तर दोष कामगाराच्या निष्काळजीपणाचा नाही, व्यवस्थापनाचा आहे. तपासणी रात्रपाळीतही व्हावी आणि हंगाम संपल्यावर दुरुस्तीसाठी येणाऱ्या कंत्राटी कामगारांपर्यंतही पोहोचावी. धोक्याची कामे बहुतेकदा त्यांच्याच वाट्याला येतात.

पाचशेच्या आतल्या कारखान्यांनीही कायद्याच्या आकड्याआड लपू नये. टाकीतला वायू हजेरीपट पाहून ठरत नाही. आसपासच्या लहान कारखान्यांनी मिळून एक पदविकाधारक नेमला, तरी हा खर्च झेपणारा आहे. मात्र त्याला काम थांबवण्याचा अधिकार द्यावा लागेल. तो नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि धोका जागच्या जागी.