वेस ओलांडणारा गज

रागदारी, भावगीत, चित्रपटगीत असं सगळं वाजवणाऱ्या कलावंतावर 'धड एकात नाही' हा शिक्का आपण फार लवकर मारतो. डोंबिवलीकरांनी तरी तो मारू नये. याच गावात उत्तरायुष्य काढलेल्या पं. गजाननबुवा जोशींनी (१९११–१९८७) वेशी ओलांडूनच आपलं संगीत उभं केलं. वडील अंतूबुवा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे घरात ग्वाल्हेर गायकी. तरी बुवांनी भूर्जीखाँकडून जयपूरची आणि विलायत हुसेन खाँकडून आग्र्याची तालीम घेतली. शिवाय गळा आणि व्हायोलिन, दोन्हींत मैफलीची ताकद. अशाने घराण्यांची खिचडी होते, हा आक्षेप जुनाच आहे. त्याचं उत्तर बुवांचे शिष्य उल्हास कशाळकर यांच्या गाण्यात मिळतं: तिन्ही गायकी एकाच गळ्यात, पण प्रत्येकीची चाल वेगळी ओळखू येते. खिचडी होते ती अर्धवट तालमीमुळे.

मुळात व्हायोलिनच वेस ओलांडून आलेलं वाद्य. आपल्याकडे मांडी घालून त्याचं टोक उजव्या पावलावर टेकवलं, तेव्हा वाद्य सांभाळण्याच्या कामातून डावा हात सुटला आणि मिंडेला मोकळा झाला. पडदे नाहीत, बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. म्हणून गाणं कानात पक्कं असलेल्यालाच ते वश होतं. बुवांचे आणखी एक शिष्य प्रभाकर जोग (१९३२–२०२१) ही शिदोरी घेऊन मैफलीबाहेर पडले. लहानपणी पुण्याच्या वाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ या बिदागीवर वाजवणारा हा मुलगा १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणात बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या साथीला होता. पुढे मुंबईच्या स्टुडिओंत हिंदी-मराठी ध्वनिमुद्रणं, संगीत संयोजन, आणि 'स्वर आले दुरुनी'सारख्या स्वतःच्या चाली.

त्यांच्या 'गाणारं व्हायोलिन'ला काही जाणकार नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही. नवं अक्षर सुरू होताना गज फिरवायचा, दीर्घ स्वराला तो लांबवायचा, जोडाक्षरावर किंचित दाब द्यायचा. तेव्हा कुठे शब्दाविना शब्द ऐकू येतो. मराठीचा उच्चार गजात उतरवणं ही नवनिर्मितीच आहे, आणि तिची मुळं बुवांच्या गायकीत आहेत. दुसरा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. स्टुडिओत दिवसच्या दिवस गेले की रागाला द्यायचे तास कमी पडतात; व्हायोलिनवादक डी. के. दातारांनी रागदारीत जी उंची गाठली, ती जोगांच्या नावावर नाही. पण ज्या घरात कधी मैफल झाली नाही, तिथे रेडिओतून व्हायोलिन पोहोचलं आणि घरच्यासारखं मराठी बोललं, ते जोगांच्या गजामुळे.