मोडीत निघालेला संगणक

जुने घरगुती संगणक दुरुस्त करणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. माझे मत उलट आहे, आणि कला शाखेचा विद्यार्थी म्हणूनच ते मांडतो आहे.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली काढलेला ‘बीबीसी मायक्रो’ घ्या. त्याच्या ‘बी’ नमुन्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट! १९८४ साली सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून ही यंत्रे भारतातील शाळांत आली. इंग्लंडमधील छांदिष्ट ज्यांवर आज जीव टाकतात, ती आपल्याही इतिहासाचा भाग आहेत.

हे यंत्र बिघडते तेही समजेल असे. वीजपुरवठ्याच्या पेटीतील कागदी कपॅसिटरचे कवच वर्षानुवर्षांनी तडकते, आत दमट हवा शिरते आणि बटण दाबताच धूर निघतो. पाहणाऱ्याला वाटते, खेळ संपला. वास्तविक पुष्कळदा तेवढा एक स्वस्त भाग बदलला, की पडद्यावर पुन्हा अक्षरे उमटतात.

माझे वडील सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. संगणक ही शिकलेल्यांची वस्तू, असे ते म्हणतात. पण चाक कुठे घासते हे ते नुसत्या आवाजावरून सांगतात. बिघाड शोधण्याची ही विद्या आमच्या कोणत्या पेपरात आहे?

काहीजण जुन्या पेटीत नवाच संगणक बसवतात. ते मला पटत नाही. मोडी कागद फाटला तर आपण तो चिकटवतो, त्यावर नवा मजकूर लिहीत नाही. एखाद्या शाळेच्या अडगळीत बीबीसी मायक्रो अजून पडून असेल, तर भंगारवाल्याच्या आधी आपल्या इतिहास विभागाने तो मागून आणावा. सोल्डरिंग मी शिकून घेईन.