खाडा

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याला जिमखान्याचे बक्षीस मिळाले. पुकारताना सरांनी सांगितले, 'वर्षभरात एकही खाडा नाही.' ऐन परीक्षेतसुद्धा तो रोज पहाटे व्यायामशाळेत हजर होता. मीही टाळ्या वाजवल्या. यंदा मात्र हे बक्षीस बंद करावे, असे मला वाटते.

जिमखान्याच्या सरांनी रागावू नये. माझा व्यायामाला विरोध नाही. (मी आळशी आहे, ही गोष्ट वेगळी.) प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. व्यायामाने उदास मन हलके होते, हेही खरे. माझा आक्षेप फक्त 'एकही' या शब्दाला आहे.

माझ्या खोलीत आमच्याच गावचा एक दादा राहतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पोलीस भरतीच्या तयारीसाठी तो इथे आला. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. दादा पहाटे चारला उठे आणि मी घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला उभा राही. थोडक्या गुणांनी त्याची निवड हुकली, आणि तीही लेखी परीक्षेत. खरे तर यानंतर त्याने पुस्तक उघडायला हवे होते. पण तो सकाळी धावू लागला, संध्याकाळी धावू लागला, पुस्तके तशीच पडून राहिली. भरतीसाठी धावणे केव्हाच संपले होते. आता तो नुसता धावत होता.

मग त्याची नडगी दुखू लागली. हाडाला बारीक चीर आहे, दीड महिना धावायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आठ दिवस दादा खोलीत येरझारा घालत होता. झोप नाही, बोलणे नाही, आईचा फोन आला तर तिच्यावर खेकसणे. नवव्या रात्री त्याने बूट घातले. मी दारात उभा राहिलो तेव्हा म्हणाला, "आज पळालो नाही तर मला जेवायचा काय हक्क?" आणि खरेच, त्याचा डबा सकाळपासून तसाच होता.

मला तेव्हा त्याचे कौतुक वाटले, हे इथे कबूल केले पाहिजे. मेसमध्ये मी ही हकिगत रंगवून सांगितली. 'पोरगं जिद्दी आहे,' असेच सगळे म्हणाले. दारूपायी कोणी डबा टाकला असता, तर आम्ही त्याच रात्री त्याच्या घरी कळवले असते.

मानसशास्त्राच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. १९७० साली फ्रेडरिक बेकलँड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. महिनाभर व्यायाम बंद ठेवला तर झोपेवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. पण जवळजवळ रोज व्यायाम करणारी माणसे प्रयोगाला मिळेनात. पैसे देऊ केले तरी ती थांबायला तयार होईनात. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवावे लागले, आणि त्यांचीही झोप बिघडली, मन अस्वस्थ झाले. मला वाटते, प्रयोगाचे खरे उत्तर प्रयोग सुरू होण्याआधीच मिळाले होते.

पुढे १९७६ साली विल्यम ग्लासर यांनी धावण्याला चांगले व्यसन म्हटले. तीनच वर्षांनी विल्यम मॉर्गन यांनी दुखावलेल्या पायांनी धावणारे, नोकरी आणि घर मागे टाकणारे लोक दाखवून दिले आणि हेही वाईट व्यसनच ठरू शकते, असे लिहिले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगार व्यसनांच्या यादीत घातला. व्यायाम त्या यादीत वेगळा आजार म्हणून आला नाही. पुष्कळदा तो दुसऱ्या दुखण्याच्या आडून येतो. कोणी खाल्लेला प्रत्येक घास जाळून टाकण्यासाठी जिने चढत-उतरत राहते. कोणी पिळदार अंग कमावूनही आरशात स्वतःला काडीपैलवानच समजतो. कोणी आत साचलेली भीती किंवा निराशा तेवढ्यापुरती पळवून लावतो, आणि तिने परत येऊ नये म्हणून उद्या पुन्हा धावतो.

'अति तेथे माती' असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. मॅरेथॉनचा धावपटू दादापेक्षा कितीतरी जास्त धावतो. पण पाय दुखावला तर तो थांबतो, कारण त्याला पुढची शर्यत धावायची असते. तेव्हा किती धावला, हे विचारून काही कळणार नाही. न धावण्याच्या दिवशी त्याचे काय होते, ते विचारावे.

आमच्या घरात खाडा हा शब्द व्यायामाचा नाहीच. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. अंगात ताप असताना कामावर जाणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहिली. बसून खाणे म्हणजे फुकटचे खाणे, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. दादाचे ते वाक्य मला इतके ओळखीचे वाटले, ते यामुळेच. पण आईला खाडा परवडत नाही. दादाला परवडत होता, त्याला तो सोसत नव्हता. आम्ही दोघांनाही कष्टाळू म्हणून मोकळे झालो.

गावच्या तालमीत वस्ताद आठवड्यातून एक दिवस आखाडा बंद ठेवत. त्या दिवशी कोणी गुपचूप जोर मारताना सापडला, तर सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी निघे. "घरी जा, दूध पी, झोप," हा त्यांचा हुकूम. दादाच्या मोबाईलमध्ये मात्र सलग किती दिवस धावला त्याचा आकडा दिसे आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येई. मोबाईल काही 'घरी जा' म्हणत नाही. आपल्या व्यायामशाळेतले हजेरीपुस्तकही म्हणत नाही. म्हणून माझी सूचना एवढीच, की आठवड्यातून एक दिवस व्यायामशाळेला कुलूप लावावे आणि लंगडत येणाऱ्याला सरांनी दारातूनच परत पाठवावे. मग बिनखाड्याचे बक्षीस आपोआपच उरणार नाही.

दादाचा पाय आता प्लॅस्टरमध्ये आहे. मागच्या सोमवारी आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो होतो. हाड दाखवून झाल्यावर मी त्याला मनोविकार विभागाच्या बाकावर नेऊन बसवले. "मी काय वेडा आहे का?" असे तो दोनदा म्हणाला. मी काही बोललो नाही. पाऊण तासाने नाव पुकारले गेले. कुबड्या सावरत तो उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, "तू पण आत चल."