जुन्या शिडीचा सौदा

मोठ्या शहरानें काढून टाकलेला शिडीचा बंब स्वस्तांत मिळत असेल, तर आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या नगरपालिकेनें तो कां घेऊं नये, असा प्रश्न कोणी केल्यास तो वावगा म्हणतां येणार नाहीं. शहरांत मजले चढत आहेत. 15 मीटर वा त्याहून उंच इमारतीच्या गच्चीवर माणूस अडकला, तर खांद्यावरून नेलेली शिडी पुरत नाहीं, हें खरें.

पण बाजारांत बैल घेतांना कुणबी दांत पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. जुनी गाडी घेतांना सुतार आंस ठोकून पाहतो. रयतेच्या करांतून पैसे मोजणाऱ्यांनीं निदान तेवढें तरी करावें. शिडीची पारख रंगावरून होत नाहीं. तिचे टप्पे तारेच्या दोरांनीं बाहेर सरकतात, तेलाच्या दाबानें ती उठते, आणि गाडी उलटूं नये म्हणून दोन्ही बाजूंस लोखंडी पाय पक्क्या जमिनीवर टेकावे लागतात. सांध्याला गेलेली केसाएवढी चीर डोळ्यांस दिसत नाहीं. ती दिसते ती वर माणूस असतांना! अमेरिकेंत अशा शिडीची दरसाल परीक्षा, आणि दर पांच वर्षांनीं धातूची आंतून तपासणी करण्याचा दंडक आहे.

कायद्याची मेख निराळीच. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमान्वयें नगरपालिका व पंचायती यांच्या 15 वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढें चालत नाहीं. बारा वर्षांची गाडी घेतली, तर हातीं राहिलीं तीनच वर्षें. किंमतीला तीननें भागून पाहा, म्हणजे हें स्वस्त कितीला पडतें तें कळेल.

आणि आपल्याकडे आग लागते कोठें? भावाची वाट पाहत घरांत ठेवलेल्या कापसाला, गोठ्याला, कुटाराच्या गंजीला, जिनिंगच्या आवारांतील ढिगाला. कापूस आंतल्या आंत धुमसतो. विझला म्हणावा तोंच पुन्हां पेट घेतो. 14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गांठी व दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग लागून स्फोट झाले, आणि अग्निशामक दलाचे 66 जवान कामीं आले. कापसाच्या आगीला पाणी, पंप आणि लांब नळी लागते. झरी जामणी किंवा महागांव तालुक्याच्या टोकाच्या वाडीवर बंब निघाला, आणि अर्धा तास वाटेंतच गेला, तर छप्पर राहतें काय? म्हणून अरुंद गल्लींत शिरणारे लहान बंब मोठ्या गांवीं ठेवावे, व त्यांवर कायम पगाराचीं शिकवलेलीं माणसें नेमावीं, हें आम्हांस आधीं वाटतें.

उंच इमारतीचें भाडें खाणाऱ्या मालकांनाहि मोकळें सोडूं नये. 2006 च्या महाराष्ट्र कायद्यानें आगीपासून बचावाचीं साधनें चालू ठेवणें त्यांच्याच माथीं आहे. दर जानेवारी व जुलैंत तसा दाखला त्यांनीं द्यावयाचा असतो. तो आला कीं नाहीं, हें सभासदांनीं विचारावें.

इतकें करूनहि शिडी घ्यावयाचीच ठरली, तर ठरावापूर्वीं निर्मितीचें वर्ष, तपासणीचा लेखी दाखला, सुटे भाग कोठून येणार व चालविणारा कोण, हें सभेंत वाचून दाखवावें, आणि उघड्या मैदानांत वजन टांगून ती पूर्ण उंच करून दाखवावी. त्या दिवशीं करदात्यांनीं मैदानांत हजर राहावें.