तारेला वेळ कोण सांगतो?



गिटारची तार छेडली की स्वर उमटतो आणि काही सेकंदांत विरून जातो. सारंगीचा स्वर मात्र गज फिरत असेपर्यंत टिकतो. छेडलेल्या तारेला ऊर्जा एकदाच मिळते. गज ती सतत पुरवीत राहतो, हे तुम्ही चटकन सांगाल. पण गज तर एकाच दिशेने सरकतो, मग तार मागेपुढे कशी हलते? माझ्या मते हा प्रश्न वर्गात अवश्य विचारला जावा.

राळ लावलेला गज तारेला चिकटून तिला आपल्याबरोबर ओढीत नेतो. मग तार निसटते, झटकन मागे येते आणि पुन्हा पकडली जाते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडते. निसटण्याची वेळ गज ठरवीत नाही. तारेवरून एक कोपरा धावत असतो; तो टोकावरून परतून गजापाशी आला की पकड सुटते. तारेची ही चाल एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी पाहिली, आणि १९१८ साली कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला.

गिटारवर गज चालवणे अवघड, कारण तिच्या सहा तारा जवळजवळ एका पातळीत असतात. मधली एकच तार गजाला सापडत नाही. तरीही १९६०च्या दशकात जिमी पेज यांनी व्हायोलिनचा गज गिटारवर फिरवला. ग्रेग हीट यांनी १९६९ साली वेगळा मार्ग शोधला. त्यांचा 'ई-बो' १९७६ साली बाजारात आला. मुठीत मावणाऱ्या या उपकरणात ९ व्होल्टची बॅटरी असते. त्यातील एक वेटोळे पोलादी तारेची कंपने टिपते, मंडल ती वर्धित करते आणि दुसरे वेटोळे चुंबकीय बलाने तारेला त्याच तालात ढकलते. नायलॉनच्या तारेवर अर्थातच ते चालत नाही.

येथे घर्षण नाही, तारेला स्पर्शही नाही. स्वरही गजाच्या स्वराहून मऊ, काहीसा बासरीसारखा. मग याला 'बो' म्हणजे गज म्हणणे चूक का? मला तसे वाटत नाही. दोन्हींचे मर्म एकच आहे: धक्का केव्हा द्यायचा हे तारच सांगते.

याउलट, प्रयोगशाळेतील स्वरमापीच्या तारेतून प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाह सोडून ती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवतात, तेव्हा ५० हर्ट्झची वारंवारता बाहेरून लादलेली असते. तारेची लांबी तिच्याशी जुळवावी लागते. हा अनुनाद. झोक्याला घड्याळ पाहून धक्का देणे वेगळे आणि झोका परत येताना पाहून देणे वेगळे! पहिला प्रकार आपण शिकतो. दुसरा, म्हणजे स्वयंपोषित आंदोलन, बाजूलाच राहतो. लंबकाचे घड्याळ मात्र त्यावरच चालते. दातेरी चाक सोडवून लंबक आपला धक्का आपणच मागून घेतो.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की तारेची वारंवारता मोजून झाल्यावर तिला वेळ कोण सांगतो, हेही मुलांना विचारावे. महागडे उपकरण नको. काचेच्या पातळ पेल्यात थोडे पाणी घ्या, ओले बोट कडेवरून हलकेच फिरवा. बोट एकाच दिशेने फिरते आणि पेला गाऊ लागतो. का, ते आता तुम्हीच सांगा.